आजीच्या फोनमधला कचरा

गेल्या दिवाळीत मी आजीच्या फोनमधले दोनेक हजार फोटो पुसून टाकले. हेतू चांगला होता. फोन अडकत होता, व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा मध्येच गोठायचा आणि जागा संपल्याची सूचना दिवसभर येत राहायची. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पूर्वी कुणाचा पाय मुरगळला की पाड्यावरच्या चोळून देणाऱ्या बाबाकडे नेत, तसा आता घरात कुणाचाही फोन बिघडला की तो माझ्याकडे येतो. मी सफाईचं एक ॲप टाकलं. दहा-वीस सेकंदांत त्यानं तीन गठ्ठे करून दाखवले : सारखे दिसणारे फोटो, धूसर फोटो आणि शुभेच्छांची चित्रं. मी तिन्ही गठ्ठ्यांवर टिचकी मारली. साडेचार जीबी जागा मोकळी झाली असं लिहून आलं आणि पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले, जणू मी काही जिंकलो होतो.

मोखाड्याकडून खोडाळ्याला जाताना आमचा पाडा लागतो. आजी अंगणात नागली पाखडत बसली होती. मी फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "बघ, आता कसा पळतो." तिनं हात पदराला पुसले, फोन उघडला, बोटानं वर सरकवलं, खाली सरकवलं, पुन्हा वर सरकवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "विचारायचं तरी."

एवढंच. रागावली नाही, रडली नाही, सूप उचलून पुन्हा पाखडायला लागली. पण ते दोन शब्द मला तेव्हापासून चिकटले आहेत आणि हा लेख त्यांच्याबद्दल आहे. ॲप कुठलं होतं ते महत्त्वाचं नाही. बोट माझं होतं. आणि माझ्यासारखी बोटं आज घरोघरी आहेत, म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे.

कचऱ्यात काय होतं

आजी चौथीपर्यंत शिकली. वय चौऱ्याहत्तर, आधार कार्डावर एकोणसत्तर. चार वर्षांपूर्वी नाशिकला तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू झालेलं भिंग हळूहळू पिवळट होत जातं. निळा रंग विझत जातो आणि तो विझलाय हे माणसाला कळतही नाही. परत येताना एसटी तोरंगण घाटात आली तेव्हा खिडकीतून बाहेर बघत आजी म्हणाली, "एवढं निळं होतं?" घरी आल्यावर माझ्या बहिणीचा जुना फोन तिला मिळाला. तिनं काढलेला पहिला फोटो आभाळाचा नव्हता. दारातल्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाचा होता.

तेव्हापासून ती फोटो काढते. रोज. उंबऱ्यावर बसून समोरच्या मोहाचा एक फोटो सकाळी काढायचाच. फाल्गुनात त्याची पानं झडतात, चैत्रात फुलं पडतात, मग तांबूस कोवळी पालवी येते, पावसात तो काळाभोर ओला होतो. ॲपला हे तीनशे 'सारखे दिसणारे' फोटो वाटले. त्यातला एक ठेवून बाकीचे काढून टाकावेत असा सल्ला त्यानं दिला आणि मी तो ऐकला. एका झाडाचं अख्खं वर्ष मी एका दिवसावर आणून ठेवलं.

धूसर फोटोंच्या गठ्ठ्यात बहुतेक माझी भाची होती. ती तेव्हा नुकती चालायला लागली होती. चालतं मूल कॅमेऱ्यात धूसरच येतं, कारण ते चालत असतं. त्या गठ्ठ्यात कोंबडीमागे धावणारी भाची होती, आजीच्या चपला घालून निघालेली भाची होती, चुलीशी जाऊ नये म्हणून माझ्या आईनं हवेतच पकडलेली भाची होती. ॲपच्या लेखी हे सगळे 'खराब दर्जाचे' फोटो.

आणि तिसरा गठ्ठा, शुभेच्छांचा. गुलाब, सूर्योदय, वाफाळता चहा, वर 'शुभ सकाळ'. या गठ्ठ्याबद्दल मला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. तुम्हालाही लागला नसता.

ही चित्रं पाठवणाऱ्या अकरा बायका आहेत. एक नाशिकच्या दवाखान्यात आजीच्या शेजारच्या खाटेवर होती, तिचंही त्याच दिवशी ऑपरेशन झालं होतं. तिनं आजीला रानभाज्यांच्या एका व्हॉट्सॲप गटात घातलं. गटाला नाव नाही, नावाच्या जागी शेवळाचा फोटो आहे. कुणी सुरगाण्याची, कुणी डहाणूकडची, कुणी इगतपुरीजवळची, एक लग्न होऊन भांडुपला गेलेली आणि तिथल्या बाजारात शेवळं किती महाग आहेत यावर दरवर्षी हळहळणारी. खाटेवरची ती एक सोडली तर आजी यांच्यातल्या कुणालाही भेटलेली नाही. लिहिता कमी येतं, म्हणून सगळा कारभार बोलून चालतो. पहिल्या पावसानंतर गटाला ऊत येतो. शेवळं आधी कुणाकडं उगवली, काकड घातला की नाही, घशाला खाज सुटली का, करटोलीचा वेल यंदा कुठं चढला. आजी स्वतःचा निरोप पाठवते आणि मग स्वतःच तो दोनदा ऐकते आणि हसते. माझ्या आईचं म्हणणं असं की म्हातारी आता देवापेक्षा फोनला जास्त वेळ देते. आजीचं उत्तर : "देव 'शुभ सकाळ' म्हणत नाय."

सकाळची हाळी

जानेवारी २०१८ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये एक बातमी आली होती. भारतातल्या स्मार्टफोन वापरणाऱ्या तिघांपैकी एकाच्या फोनमधली जागा रोज संपते, असं गुगलच्या लोकांना आढळलं होतं. अमेरिकेत हेच प्रमाण दहात एक होतं. कारण शोधायला गेल्यावर सापडले ते 'गुड मॉर्निंग'चे फोटो. 'गुड मॉर्निंग'च्या चित्रांचा शोध गुगलवर पाच वर्षांत दहापटींहून जास्त वाढला होता. डिसेंबर २०१७ मध्ये गुगलनं 'फाइल्स गो' नावाचं ॲप आणलं होतं आणि ही शुभेच्छांची चित्रं ओळखून एका झटक्यात पुसायची सोय त्यात होती. चित्र शुभेच्छेचं आहे की घरातलं हे ओळखायला यंत्राला शिकवावं लागलं.

ही बातमी मी कॉलेजात असताना वाचली आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. कामाच्या दृष्टीनं पाहिलं तर उपाय हुशारीचा आहे, मी आजही तसंच म्हणेन. स्वस्त फोनमध्ये जागा कमी असते आणि ती संपली की फोन बंद पडल्यासारखा होतो, हेही खरं. माझा आक्षेप वेगळा आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आपल्या आईबापांच्या, आजीआजोबांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा असं काही आलं की ज्यातून फुकटात, रोज, कितीही जणांना 'मी आहे, तू आहेस ना?' असं विचारता येतं. त्यांनी ते विचारलं. कोट्यवधी वेळा विचारलं. आणि आम्ही इंजिनिअरांनी त्या प्रश्नाकडं पाहिलं तेव्हा आम्हाला फक्त साचलेला कचरा दिसला.

डोंगरातल्या पाड्यांवर सकाळी एकमेकांना हाळी द्यायची रीत होती. या टेकाडावरून त्या टेकाडावर. हाळीत मजकूर नसायचा. पलीकडून 'ओ' आला की झालं. कुणी 'ओ' दिली नाही तर माणूस काठी घेऊन चालायला लागायचा. गुलाबावरचं 'शुभ सकाळ' ही तीच हाळी आहे. त्यातला मजकूर वाचून हसणं म्हणजे दारावरची थाप ऐकून तिच्यात ताल नाही म्हणून नाक मुरडण्यासारखं आहे.

मागच्या पावसाळ्यात इगतपुरीकडच्या बाईचा गुलाब तीन दिवस आला नाही. आजीनं फोन केला, लागला नाही. मग तिनं गटावर बोलून सगळ्यांना कामाला लावलं. भांडुपवालीच्या ओळखीनं त्या बाईच्या सुनेचा नंबर मिळाला. बाई पडवीत घसरून पडली होती आणि बिछान्याला खिळली होती. फोन पावसात भिजून बंद. धोक्याचं काही नव्हतं. पण तीन दिवस तिच्याबद्दल कुणाला काळजी वाटली, तर ती या अकरा बायकांना, ज्यांनी तिला कधी पाहिलेलं नाही. आमच्या क्षेत्रात एखादं यंत्र जिवंत आहे का हे बघायला दुसरं यंत्र त्याला ठरावीक वेळानं एक रिकामा निरोप पाठवतं. त्याला आम्ही 'हार्टबीट' म्हणतो, अतिशय आदरानं. यंत्रांमधला रिकामा निरोप म्हणजे हृदयाचा ठोका आणि म्हाताऱ्या बायांमधला म्हणजे कचरा, ही भाषा आम्हाला कुणी शिकवली?

म्हाताऱ्या माणसांसाठी काही बनवायचं ठरलं की आमच्याकडं तीन गोष्टी होतात. अक्षरं मोठी, बटणं कमी आणि एक लाल बटण, पडल्यावर दाबायला. म्हातारी म्हणजे कमी दिसणं, कमी समजणं आणि पडणं. ती फोटो काढत असेल, तिला तो आवडत नसेल म्हणून पुन्हा काढत असेल, तिला मैत्रिणी असतील, त्यांच्यात थोडा हेवाही असेल ('तिच्या फोटोला सगळ्यांनी हात जोडले, माझ्या नागलीला दोघींनीच'), हे मी आजवर एकाही मीटिंगमध्ये ऐकलेलं नाही. आणि मी स्वतः बोललेलोही नाही.

आमचे फोटो कोण काढतं

'विचारायचं तरी' हे आजीनं मला म्हटलं, पण ते तिनं आधी कितीतरी जणांना म्हणायला हवं होतं.

इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो आणि खाली वर्णन. समोर बसलेल्या माणसाला नाव असण्याची गरज नव्हती, जमातीचं नाव पुरे होतं. माणूस हा नमुना होता. दीडशे वर्षं झाली तरी आमच्या भागात कॅमेरा येतो तो बहुतेक याच रीतीनं येतो.

जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी १९९२-९३ मध्ये बालमृत्यूंनी देशभर माहीत झालं. तेव्हापासून जव्हार-मोखाडा म्हटलं की वर्तमानपत्राला एकच फोटो लागतो : हाडं निघालेलं मूल आणि रिकाम्या नजरेची बाई. उन्हाळा आला की दुसरा फोटो, हंड्यांच्या रांगेचा. मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळच्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला पाणी जातं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. ही बातमी खरी आहे आणि ती छापून आलीच पाहिजे. मी कुपोषण नाकारत नाही, टंचाई नाकारत नाही. मी त्याच रांगेतून वाढलो. तिसरा फोटो पर्यटनाचा. दाभोसा धबधबा, जयविलास राजवाडा, बोहाड्याचे मुखवटे आणि एखादी सुरकुतलेली म्हातारी, कृष्णधवल, जवळून. हौशी फोटोग्राफरांना आमच्या म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या फार आवडतात. त्या म्हातारीला फोटो कुणी पाठवत नाही. माझ्या आजीचा असा एक फोटो बोहाड्याच्या रात्री कुणीतरी काढला होता. तो कुठं लागला, कुणाला बक्षीस मिळालं का, आम्हाला माहीत नाही.

आता चौथा कॅमेरा आलाय, सरकारचा. रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो ॲपवर चढवायची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून झाली. पेन्शन घेणाऱ्यांना नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवून हयातीचा दाखला देता येतो. अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळायला १ जुलै २०२५ पासून चेहरा ओळखण्याची अट आली. प्रत्येकामागं काहीतरी कारण आहे, चोरी थांबवायची आहे, घरबसल्या सोय करायची आहे. पण सगळं एकत्र मांडून बघा. इंग्रजांसाठी आमचा फोटो जमातीचा पुरावा. वर्तमानपत्रासाठी उपासमारीचा पुरावा. फोटोग्राफरसाठी संस्कृतीचा पुरावा. सरकारसाठी हजेरीचा, जिवंत असण्याचा पुरावा. दीडशे वर्षं आमच्या माणसांच्या फोटोनं काहीतरी सिद्ध करायचं असतं आणि ते बघणारा दुसराच कुणी असतो.

अशा ठिकाणची एक बाई सत्तरी ओलांडल्यावर फोन हातात घेते आणि निळ्या पिंपाचा फोटो काढते. का? निळं आहे म्हणून. त्या फोटोनं काही सिद्ध होत नाही. तो कुठल्या खात्याला सादर करायचा नाही. तो छान दिसतो म्हणून काढला आणि एका मैत्रिणीला दाखवला. माझं म्हणणं असं आहे की आमच्या भागात एवढ्या वर्षांत निघालेल्या फोटोंमध्ये हा सर्वांत महत्त्वाच्या फोटोंपैकी एक आहे. आणि मी तो पुसला.

टँकरचे फोटोही तिच्याकडं होते. त्यातल्या एकात डोक्यावर दोन हंडे घेतलेली शेजारची काकी आजीकडं बघून जीभ बाहेर काढते आहे. टंचाई त्यातही आहे. पण काकीही आहे. बातमीतल्या फोटोत काकी कधीच नसते.

भिंतीवरून कागदावर

कुणी म्हणेल, ठीक आहे, म्हातारीचा विरंगुळा आहे, पण त्याला एवढं डोक्यावर कशाला घ्यायचं? ती काय कलाकार आहे?

हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात विचारायचा असेल तर जरा जपून विचारावा. वारली चित्रं आज साडीवर, कपावर, विमानतळाच्या भिंतीवर आहेत. मुळात हा चौक लग्नघराच्या भिंतीवर सवाष्णी काढत. गेरूनं किंवा मातीनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, बांबूच्या काडीनं. मध्ये पालघट देवी. बाजूला धवलेरी गात असे आणि तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नसे. म्हणजे आमच्याकडं चित्र काढणारी आणि मंत्र म्हणणारी, दोन्ही बायकाच. लग्न झालं की चित्र धुरानं काळवंडे, पावसात ओघळे, पुन्हा सारवलं जाई. पुढच्या लग्नाला पुन्हा नवं.

एकोणीसशे सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींनी या चित्रांसाठी कागद आणला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी त्या कागदावर अफाट काम केलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या थोरवीबद्दल शंका घेण्याची माझी पात्रता नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. चित्र भिंतीवर होतं आणि बाईच्या हातात होतं तोवर तो 'रिवाज' होता. कागदावर आलं, विकता येऊ लागलं आणि बहुतेक पुरुषांच्या हातात गेलं, तेव्हा त्याला 'कला' म्हणू लागले. भिंतीवर काढणाऱ्या त्या शेकडो म्हाताऱ्यांची नावं कुठं नाहीत.

मी काही आजीचे फोटो त्या चौकांच्या पंक्तीला बसवत नाही. पण चूक तीच आहे. घरात, घरच्यांसाठी, पुन्हा पुन्हा, न विकता केलेली गोष्ट मोजायची नाही, ही सवय जुनी आहे. ॲपनं ती फक्त स्वयंचलित केली.

आपण म्हाताऱ्या बायांचं कौतुक करत नाही असं नाही. करतो, पण ठरावीक उंची गाठल्यावर. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे २०२० मध्ये 'आपली आजी' या यूट्यूब चॅनलवरून घराघरात पोहोचल्या, नातवानं कॅमेरा धरला आणि आजीनं पाककृती दाखवल्या. जपानच्या किमिको निशिमोतो वयाच्या ७२व्या वर्षी कॅमेरा शिकल्या आणि स्वतःचेच खोडकर फोटो काढून जगभर माहीत झाल्या. कधी कचऱ्याच्या पिशवीत बसलेल्या, कधी कपड्यांच्या दांडीवर वाळत घातलेल्या. २०२५ मध्ये ९७व्या वर्षी त्या गेल्या. दोघींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या बातम्या वाचून आपण आपल्या आजीला काय म्हणतो? 'तूही चॅनल काढ ना.' म्हणजे तिचा आनंद हा आनंद व्हायला त्याला आधी फॉलोअर लागतात. माझ्या आजीला फॉलोअर नाहीत. अकरा मैत्रिणी आहेत. तिला अकराच पुरतात.

आक्षेप

फसवणूक होते, हे खरं. गटातल्या एकीला फोन आला होता की बँकेचं खातं बंद पडेल, नंबर सांगा. तिनं मुलाला विचारलं नाही, कारण मुलगा ओरडतो. गटावर विचारलं. चार जणींनी एका सुरात सांगितलं, ठेव फोन. एकट्या म्हातारीला फसवणं सोपं असतं. अकरा जणींना फसवणं जड जातं.

खोट्या गोष्टी पसरतात, हेही खरं. आजीनं एकदा साखरेच्या आजारावरचा कसलातरी काढा पुढं ढकलला होता. मी तिला व्याख्यान दिलं, तिनं दोन दिवस माझा फोन घेतला नाही. मग गटातल्या एका निवृत्त अंगणवाडीताईंनी सांगितलं की गोळी सोडून काढा घेऊ नका गं बायांनो, आणि विषय संपला. नातवानं चूक काढली तर तो पाणउतारा असतो, मैत्रिणीनं काढली तर त्या गप्पा असतात. आपण सुधारायला जातो तेव्हा आपल्या आवाजात काय असतं हे एकदा रेकॉर्ड करून ऐकावं.

तिसरा आक्षेप माझ्याच मित्राचा, चळवळीत काम करणारा. तो म्हणतो, तुमच्या तालुक्यात बाया पाण्यासाठी चालतात आणि तू आनंदावर लिहितोस? मी त्याला उलट विचारतो : पाणी आल्यानंतर त्या बाईनं काय करावं असं तुझं म्हणणं आहे? पाणी, रेशन, दवाखाना हे सगळं कशासाठी हवं असतं? उंबऱ्यावर बसून मोहाकडं बघता यावं, पणतीच्या मागं धावता यावं, कुणालातरी 'शुभ सकाळ' म्हणता यावं, यासाठीच ना? गरिबाचा आनंद त्याच्या मागण्या पुऱ्या होईपर्यंत लांबणीवर टाकणं हा कुठला न्याय? शहरातल्या आजोबांनी बाल्कनीतल्या जास्वंदीचा फोटो टाकला तर त्यांना कुणी विचारत नाही की आधी तुमच्या वॉर्डातल्या गटाराचं काय झालं.

परत आलेले फोटो

पुसलेले फोटो परत आणायचा मी खूप प्रयत्न केला. नाही आले. आजीच्या फोनचं बॅकअप चालू नव्हतं, कारण पाड्यावर रेंज नसते आणि टेकाडावर जाऊन ते चालू ठेवायला कुणाला वेळ आहे? मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "थांब." फोन तोंडाशी धरला आणि गटावर बोलली. जे बोलली ते साधारण असं होतं : पोरानं माझे फोटो पुसलेत, त्याला वाटलं घाण आहे, तुमच्याकडं आहेत ते पाठवा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन वाजायला लागला. सुरगाण्याहून मोहाचे सत्तावीस फोटो आले. डहाणूकडून भाची आली, चपलांसकट. भांडुपवालीकडं निळं पिंप होतं. इगतपुरीच्या बाईनं बिछान्यावर पडल्या पडल्या आपला अख्खा फोन उपसला होता. पाठवाठवीत फोटो दाबले जातात, त्यामुळं सगळे थोडे मऊ, थोडे धूसर होऊन आले. दोन हजारांतले साडेतीनशेच्या आसपास परत आले. जे तिनं कुणालाच पाठवले नव्हते ते गेले ते गेलेच.

या बायकांना 'ऑनलाइन मैत्रिणी' म्हणताना आपण त्यातला 'ऑनलाइन' असा उच्चारतो, जणू त्या खऱ्या नाहीत. माझे पुण्यातले सहकारी खरे आहेत, रोज भेटतात. माझा एक फोटो त्यांच्यापैकी कुणी चार वर्षं जपून ठेवला असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा माझ्या धंद्यातल्या लोकांना माझं सांगणं असं. सारखा दिसणारा फोटो सारखा नसतो. पुसण्याचं बटण देताना ते मोठं आणि सोपं करू नका, फोन मालकिणीचा आहे की नातवाचा हे आधी विचारा. ती जशी बोलते तसं ऐकायला यंत्राला शिकवा, तिला प्रमाण मराठीत ओढू नका. कॅमेरा घेऊन आमच्याकडं येणाऱ्यांना सांगणं असं. जरूर या, पण विचारा, नाव लिहून घ्या आणि फोटो परत पाठवा. आज जवळपास प्रत्येक घरात एक तरी नंबर आहे, सबब उरलेली नाही. आणि माझ्यासारख्या नातवंडांना सांगणं असं. गुलाब आला की 'ओ' द्या. आवडला नाही तरी द्या.

मी निघालो त्या सकाळी आजीनं पुढचं ठरवून टाकलं होतं. फोनमध्ये जागा आहे ना आता, मग काढते. एसटीची वाट बघत मी फाट्यावर उभा होतो, तोंडात चकली, हातात तिनं दिलेली नागलीच्या पिठाची पिशवी. खटका वाजला. वळून पाहिलं तर आजी फोन धरून उभी.

"विचारलंस का?" मी म्हटलं.

"मी आजी आहे," ती म्हणाली आणि फोटो गटावर टाकला. एसटी जव्हारला पोहोचेपर्यंत नऊ जणींनी हात जोडले होते. इगतपुरीच्या बाईचा निरोप होता : हाच का तो पुसणारा?